अंगठा

गावाच्या शाळेत मुली एकूण एकोणीस,
तेव्हा निवड-बिवड काही नसायची.
जिला दोन पाय आणि बरा दम, ती संघात,
आणि व्हर्ना स्वीन तर सगळ्याच संघांत.
पानगळीत व्हॉलीबॉल, बर्फ पडला की बास्केटबॉल,
बर्फ वितळून मैदानाचा चिखल झाला
की गोळाफेक, रिले, आठशे मीटर.
उत्तर डाकोटातला वारा:
अर्धी फेरी तो ढकलणार,
अर्धी फेरी त्याच्याशी भांडायचं.
दोन मिनिटं एकोणीस पूर्णांक चार.
साल अठ्ठ्याहत्तर.
जिममधल्या काळ्या पाटीवर
प्लास्टिकच्या पांढऱ्या अक्षरांत.

हे मला ऐकून माहीत.
मी पाहिली ती भूमिती शिकवणारी कोच,
गळ्यात शिट्टी, शिट्टीच्याच दोरीला शाळेच्या किल्ल्या
आणि खडूनं माखलेलं स्टॉपवॉच.
प्रमेय अर्ध्यावर सोडून म्हणायची,
"उरलेलं तुम्ही."
रिलेची दांडी कशी द्यायची तेही फळ्यावरच:
दोन रेषा, एक बिंदू.
"मागे बघायचं नाही. हात मागे ठेवायचा.
येणारी येते."

मी चौदा नंबर. बाकावरची.
तीन वर्षांत मिळून अकरा मिनिटं खेळले,
तीही हरणार हे पक्कं झाल्यावर.
पण गुणांची वही माझ्याकडे,
अक्षर बरं म्हणून,
आणि बसमध्ये तिच्या मागची सीट.
बस तीच चालवायची.
हीटर बंद पडला की आम्ही
एकमेकींच्या कोटात पाय खुपसायचो,
ती आरशात बघून डोकी मोजायची,
पुढच्या गावाला पुन्हा मोजायची.
हरलेल्या रात्री बोलायची नाही.
जिंकलेल्या रात्रीही फारसं नाही.
एकदा फक्त, धान्याच्या कोठाराचे दिवे दिसू लागल्यावर:
"गुडघा ठणकतोय. उद्या बर्फ."
पडला.

मग मे महिन्यातली ती शर्यत.
जोलीन वोल्ड, काटकुळी,
पहाटे चारला बापाच्या गाईंच्या धारा काढून
कोपरापर्यंत दुधाचा वास घेऊन येणारी.
शेवटच्या वळणावर वारा पडला.
आमच्याकडे असा वारा वर्षातून दोनदा पडतो.
मी कोचच्या शेजारी, वही उघडी.
तिला कळलं होतं,
मला तिच्या रोखलेल्या श्वासावरून कळलं.
घड्याळ एकच होतं, आणि अंगठा तिचा.
अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे किती?
पापणी जरा सावकाश लवली, इतकंच.
कुणी विचारलंही नसतं.

टिक.

तोंडानं सांगितलं नाही, घड्याळच पुढे केलं.
दोन एकोणीस पूर्णांक एक.
"लिही," म्हणाली. "अक्षर नीट काढ."

संध्याकाळी ती शिडीवर चढली, मी शिडी धरली.
स्वतःचं नाव एकेक अक्षर उपटून काढलं.
अक्षरांचा डबा अर्धा रिकामा, शाळेचं सगळं तसंच,
म्हणून तिच्या नावातली दोन
जोलीनच्या नावात लावावी लागली.
उरलेली तिनं खिशात टाकली,
दुकानातून परत आलेली चिल्लर टाकावी तशी.

दुसऱ्या दिवशी भूमितीचे पेपर मिळाले.
जोलीन नापास. लाल शाईत:
"उत्तर बरोबर. कारणं कुठे आहेत?"
पुढचा आठवडाभर शाळा सुटल्यावर
दोघी वर्गात, दिवा लावून.
गाई त्या आठवड्यात कुणी पिळल्या, ठाऊक नाही.

आता तिथे शाळा नाही.
मुलं चाळीस मैलांवर जातात,
पाटी कुणी नेली कुणाला सांगता येत नाही.
मी बँकेत हिशेब तपासते.
परवा माझीच एक चूक सापडली,
सोळा डॉलरची, जुनी,
आणखी कुणाच्या लक्षात आली नसती.
लिहिली.
अक्षर नीट काढलं.